साडेएकोणीस इंच

मार्शफील्ड, २ डिसेंबर

प्रिय आर्वो,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी मेलेलो नाही आणि नोरीनही ठणठणीत आहे. आपल्या बर्फवेड्यांच्या हिवाळी मंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या दोघांना मार्चपर्यंत लिहायची बंदी आहे आणि फोनवर नोरीन ऐकते, म्हणून हा टपालाचा खटाटोप. तिथे आपण फक्त वाचायचं. बाकीचे वादळावर गप्पा झोडणार आणि आपण तोंड शिवून बघत बसायचं. पण पोस्टमनवर त्या संचालकांचं काही चालत नाही.

बंदी कोणामुळे आली ते मी उगाळत नाही. तुझ्यामुळे आली. ‘गॅरेट डनफी बर्फात पट्टी तिरकी धरून इंच वाढवतो’ हे सगळ्या किनाऱ्यासमोर लिहायची काय गरज होती? वाऱ्याने पट्टी जरा कलते. त्यात माझा काय दोष?

पण मी आज भांडायला बसलेलो नाही. माझी चांगलीच पंचाईत झाली आहे.

थँक्सगिव्हिंगला आमची ब्रिजिट फ्लोरिडाहून आली होती, नवरा-पोरासकट. जेवताना नोरीनने पुन्हा तोच विषय काढला. इथलं घर विकायचं आणि ब्रिजिटच्या शेजारी जाऊन राहायचं. गेली कित्येक वर्षं मी तिला सांगत आलोय, ‘एकदा एक मोठं वादळ होऊ दे, मग जाऊ.’ या वेळी ती भांडली नाही. काटा-चमचा खाली ठेवून म्हणाली, ‘मोठं म्हणजे किती, ते इंचांत सांग.’

मी रंगात आलो होतो. म्हटलं, ‘वीस. एका वादळात, आपल्या अंगणात, माझ्या पट्टीने वीस इंच. पडले की दुसऱ्या दिवशी घर विकायची पाटी लावतो.’ सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नोरीनने सगळ्यांदेखत माझ्याशी हात मिळवला.

आता बघ माझी दशा. लहानपणापासून मी दिव्याच्या खांबाखाली मान वर करून उभा राहत आलोय. चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत तेलाच्या भट्ट्या दुरुस्त केल्या, तेव्हाही निम्मं लक्ष खिडकीबाहेर असायचं. आणि आता ज्याची वाट बघायची ते आलं की घर सोडून, बर्फ फक्त सरबतात टाकतात अशा मुलखात जाऊन बसायचं. मी या हिवाळ्यात नेमकं काय मागू, तूच सांग.

तुझा,
गॅरेट


अ‍ॅशबी, ९ डिसेंबर

गॅरेट,

पत्र मिळालं. तिरक्या पट्टीबद्दल मी माफी मागणार नाही. वारा कधी पूर्वेचा असतो, कधी उत्तरेचा. तुझी पट्टी मात्र दर वेळी तुझ्याच फायद्याची कलते.

तू उगाच घाबरतोस. पाऊस-बर्फाची रेघ दर वादळात समुद्रावरून चालत येते आणि तुझ्या छपरावर बसते. आम्ही इथे टेकडीवर फावडी मारतो, तेव्हा तू तिथे छत्री धरून शिव्या देत असतोस. वीस इंच म्हणे. तू म्हातारा होऊन मार्शफील्डलाच मरशील, निर्धास्त राहा.

मंडळात एक नवं माणूस आलं आहे. नाव घेतलंय ‘रबरी चप्पल’. बाई की बुवा कोण जाणे, पण प्रश्न मुद्द्याचे विचारतं. परवा विचारलं, ‘वादळ चालू असताना पाट सारखा साफ का करायचा?’ कोणीतरी छान समजावलं. गवतावर पांढरा रंगवलेला पाट ठेवायचा, दर सहा तासांनी त्यावरचा बर्फ मोजायचा, पाट पुसायचा आणि सगळे आकडे शेवटी मिळवायचे. पुसला नाही तर बर्फ स्वतःच्याच वजनाने दबतो आणि आकडा कमी भरतो. त्यावर चप्पल म्हणाली, ‘म्हणजे आळशी माणसाकडे बर्फ कमी पडतो.’ मला हे माणूस आवडलं.

शनिवारी सौना तापवली होती. इथे पाच इंच झाले. पट्टी सरळ होती.

आर्वो


मार्शफील्ड, १० जानेवारी

प्रिय आर्वो,

नाताळात पाऊस. नव्या वर्षाला पाऊस. परवा पहाटे दहा मिनिटं बर्फ पडला, मी चपला न घालता अंगणात धावलो, आणि तेवढ्यात पुन्हा पाऊस. पूर्वी असं झालं की मी दिवसभर कोणाशी बोलत नसे. आता मनात म्हणतो, बरं झालं, सुटलो. आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मंडळाचा एवढा जुना सभासद मी, आणि पावसाला बरं झालं म्हणतो.

पण खरी गंमत पुढे आहे. नोरीन बदलली आहे. जिने आजवर बर्फाला ‘पांढरी घाण’ याखेरीज दुसरं नाव दिलं नाही, ती परवा रात्री पायजमा उलटा घालून झोपली. विचारलं तर म्हणते, ‘शिवण टोचते.’ उशी झटकायला उचलली तर खाली चमचा. काल मोरीतून खडखडाट ऐकू आला. जाऊन बघतो तर ही संडासात बर्फाचे खडे ओतून साखळी ओढत होती. बर्फ पडून शाळेला सुट्टी मिळावी म्हणून पोरं करतात ते सगळे तोडगे ही सासष्टाव्या वर्षी करते आहे. तिला वादळ हवंय, आर्वो, आणि ते माझ्यापेक्षा जास्त हवंय.

मग मीही गप्प कसा बसणार? मी बर्फ फेकायचं नवंकोरं यंत्र विकत आणलं. लालभडक आहे, पुढे दिवे आहेत. अंगणात सगळ्यांना दिसेल असं उभं केलंय.

हो, मला माहीत आहे काय म्हणशील. नवं यंत्र आलं की हिवाळा मरतो, हा नियम मीच गावभर सांगत फिरलो. एका वर्षी मंडळातल्या त्या डक्सबरीच्या मर्डॉकला त्याचं यंत्र दुकानात परत करायला मीच लावलं होतं. पण माझ्यावर वेळच तशी आली.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगतो. थंडी पडली की नोरीनच्या बोटांची टोकं पांढरी होतात, मेणबत्तीसारखी. मग तिला काही धरता येत नाही. सकाळी तिच्या स्वेटरची बटणं मी लावतो. शेवटचं बटण लागलं की मी खिडकीतून आभाळ बघायला जातो. हे बरोबर नाही, ते मला कळतं.

तुझा,
गॅरेट


अ‍ॅशबी, २१ जानेवारी

गॅरेट,

यंत्राचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ लाकडं फोडली. तू बाकीच्यांचा काही विचार केलास का? मेन राज्यापर्यंत लोक वाट बघत बसलेत.

पण तुझं यंत्रही कमी पडलेलं दिसतंय. युरोपचं हवामानाचं मॉडेल बघितलंस ना? मंगळवारी केप कॉडच्या बाहेर समुद्रात कमी दाबाचा पट्टा, उत्तरेत गारठलेली हवा घट्ट बसलेली, आणि रेघ या वेळी समुद्रातच. कितीतरी वर्षांत असा नकाशा पाहिला नाही. वादळाची चर्चा कोणी उघडायची यावर मंडळात दोन दिवस कोणी पुढे येईना. लवकर उघडली आणि वादळ हुकलं तर जन्मभर टोमणे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी रबरी चप्पलने उघडली. नाव दिलं, ‘येऊ दे एकदाचं.’ जुनीजाणती माणसं हादरली. मला कौतुक वाटलं.

इथे गावात आजपासूनच दूध, पाव आणि अंडी संपली आहेत. वादळात सगळ्यांना एकदम अंड्यात बुडवलेला पाव का खावासा वाटतो, हे मला अजून समजलेलं नाही.

पाट बाहेर ठेव. काहीही झालं तरी मोजणं सोडू नकोस. तेवढं तरी आपण नीट करू.

आर्वो


मार्शफील्ड, २८ जानेवारी

आर्वो,

वादळ झालं. साडेएकोणीस इंच.

थोडक्यात हुकलं. चालायचंच. तुझ्याकडे किती?

गॅरेट


अ‍ॅशबी, १ फेब्रुवारी

गॅरेट,

माझ्याकडे सोळा.

एवढं छोटं पत्र तू जन्मात लिहिलेलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी चार इंच पडले होते तेव्हा तू मला पाऊण तास फोनवर धरून ठेवलं होतंस, त्यात निम्मा वेळ बर्फाच्या पाकळ्यांच्या आकारावर. आता तुझ्या आयुष्यातलं मोठं वादळ झालं आणि तू वाण्याला चिठ्ठी पाठवावी तसं लिहितोस.

हवामान कचेरीच्या यादीत बघितलं. डक्सबरीत तेवीस. पेम्ब्रोकला बावीस. त्यांना लागून मार्शफील्ड, तिथे साडेएकोणीस. ढग तुझ्या अंगणावरून वळसा घालून गेला का?

एकच विचारतो. पाट पुसत होतास ना?

आर्वो


मार्शफील्ड, ३ फेब्रुवारी

आर्वो,

मी नोरीन. तुमचं पत्र टेबलावर उघडं पडलं होतं, वाचलं. वाईट वाटून घेऊ नका. तुमची सगळीच पत्रं मी वाचते, तो ती पावाच्या डब्यात लपवतो आणि पाव मी काढते.

आधी एक कबुली. रबरी चप्पल मीच. गॅरेट झोपला की मी ते संकेतस्थळ उघडते. मला वादळ हवं होतं, ते येणार कसं हे तरी कळावं म्हणून शिरले. आता मॉडेल बदललं की मलाही झोप लागत नाही. ही तुमची साथ भलतीच चिवट आहे.

आता पाटाचं. तो पुसत होता. मी खिडकीतून बघत होते. दर वेळी वेळेवर बाहेर जायचा, गुडघ्यावर बसायचा, पट्टी खुपसायचा, पाट पुसायचा आणि मग तिथेच तोंड वर करून उभा राहायचा. भुवयांवर बर्फ साठेपर्यंत. एवढा सुखी मी त्याला ब्रिजिट झाली तेव्हा पाहिला होता. वादळ थांबल्यावर आत आला. मी शिंपल्यांचं सूप वाढलं आणि विचारलं, ‘किती?’ तो सुपाकडे बघत म्हणाला, ‘साडेएकोणीस.’

अहो, अडतीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केला. त्याने पकडलेला मासा असो, बर्फ असो, नाहीतर स्वतःची उंची असो, त्याने प्रत्येक गोष्ट वाढवूनच सांगितली. कमी करून सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला रडू आलं. मी म्हटलं, मिरी जास्त झाली.

मला त्याला खोटं पाडायचं नाही. खोटं पाडलं तर येईल माझ्यामागून, पण तिथे जाऊन तोंड पाडून बसेल. त्याने आपणहून म्हणायला हवं. आणि त्याच्यापासून खरा आकडा काढायचा कसा, हे जगात तुम्हालाच माहीत आहे. तो गेला तर तुमचंच जास्त जाणार, हेही मला कळतं. तरी विचारते. माझी बोटं आता एप्रिलपर्यंत थांबायला तयार नाहीत.

नोरीन


अ‍ॅशबी, ६ फेब्रुवारी

गॅरेट,

पाटाचं उत्तर दिलं नाहीस. असू दे. तुझं घर, तुझा पाट.

दुसरंच सांगायला लिहितोय. मर्डॉकचा फोन आला होता. फार खुशीत होता. म्हणाला, ‘डक्सबरी तेवीस, मार्शफील्ड साडेएकोणीस. तेही डनफीच्या पट्टीने, म्हणजे खरे सतराच धरा.’ मी काय बोलणार? आकडा तूच दिलास.

मंडळाच्या एप्रिलच्या मेळाव्यात सर्वांत जास्त बर्फाचा मान डक्सबरीला जाणार हे नक्की. केकवर त्याचे तेवीस इंच लिहायचे म्हणून त्याने बेकरीत आत्ताच सांगून ठेवलंय. केकच्या कडेला लहान अक्षरांत ‘मार्शफील्ड, बिचारे’ असंही घालून घेणार आहे. मी म्हटलं, ते जरा जास्त होतं. तो म्हणाला, डनफीला गोड आवडतं.

कळवावंसं वाटलं, म्हणून कळवलं.

आर्वो


मार्शफील्ड, ८ फेब्रुवारी

आर्वो,

सव्वाचोवीस.

ऐकलंस का, सव्वाचोवीस इंच. लिहून घे आणि त्या मर्डॉकच्या कपाळावर डिंकाने चिकटव. पहिल्या खेपेला सव्वासहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला साडेसहा, शेवटी साडेतीन. दर वेळी पाट लख्ख पुसला, दर वेळी तीन ठिकाणी मोजलं आणि पट्टी अशी सरळ धरली की तू येऊन ओळंबा लावला असतास तरी चाललं असतं. आयुष्यात एकदा मला पट्टी तिरकी धरायची गरज पडली नाही, आणि तोच आकडा मी गिळून बसलो होतो. म्हणे खरे सतरा. त्याच्या डक्सबरीला बर्फ आणि मीठ यातला फरक कळत नाही.

आणि मी नोरीनशी खोटं बोललो नव्हतो, हेही ऐकून ठेव. वादळ थांबलं तेव्हा पायरीजवळ जमिनीवर बर्फाची उंची साडेएकोणीस इंचच होती. दबलेल्या बर्फाची. तिने ‘किती’ एवढंच विचारलं, कसली उंची ते विचारलं नाही. हे वाक्य मी गेले दहा दिवस रोज आंघोळ करताना मनात म्हणतोय, आणि एकदाही ते मला पटलेलं नाही.

तुझं पत्र वाचलं आणि तडक हवामान कचेरीला फोन लावला. खेपेखेपेचे आकडे सांगितले. त्या मुलीने दोनदा वाचून दाखवले, नोंदवले. मी ओरडून म्हणालो, ‘मार्शफील्ड, सव्वाचोवीस, डक्सबरीच्या वर घ्या.’ फोन ठेवला, मागे वळलो, तर स्वयंपाकघराच्या दारात नोरीन.

तिने तेवढंच विचारलं, ‘किती?’

म्हटलं, ‘सव्वाचोवीस.’

मला वाटलं हसेल, टाळी मागेल, थँक्सगिव्हिंगची आठवण करून देईल. ती नुसती खुर्चीत बसली. स्वेटरचं वरचं बटण सुटलं होतं, ते मी लावलं. तिची बोटं हातात घेतली तर अशी गार, की मला माझ्या सव्वाचोवीस इंचांचा राग आला, आर्वो. खरंच आला. म्हटलं, ‘उद्या पाटीवाल्याला बोलावतो.’ ती म्हणाली, ‘परवा बोलाव, उद्या रस्ता निसरडा असेल.’

मग सूप गरम करायला उठली आणि जाता जाता म्हणाली, ‘डक्सबरीपेक्षा सव्वा इंच जास्त.’

तिला डक्सबरीचा आकडा कसा ठाऊक, हे मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
गॅरेट

ता. क. यंत्र घेऊन जा. दिवे चांगले आहेत. मेळाव्याला येईन तेव्हा माझी पट्टीही तुझ्याकडे ठेवून जाईन.


फ्लोरिडा, ११ डिसेंबर

प्रिय आर्वो,

हे पत्र मी अर्ध्या चड्डीत बसून लिहितोय. माझे गुडघे बघून शेजारच्या म्हातारीने मला कुठल्या दवाखान्यातून आलात असं विचारलं.

चप्पलचं बिंग फुटलं. आता बंदी उठून किती महिने झाले, पण मला लिहायला संगणक मिळत नाही. ही सकाळी कॉफी घेऊन बसते ती उठत नाही. काल मला म्हणाली, ‘तुझं अमेरिकी मॉडेल टाकाऊ आहे.’ माझ्या घरात, मला. तिची बोटं मात्र गुलाबी आहेत. बटणं आपली आपण लावते. सकाळी कधी कधी माझे हात उगाचच पुढे जातात आणि ती म्हणते, ‘लावलीत रे.’

परवा इथे सकाळी जरा गारवा होता. लोकांनी कपाटातून लोकरीच्या टोप्या काढल्या. मी खुर्ची घेऊन अंगणात बसलो आणि आभाळाकडे बघत राहिलो. काही पडलं नाही. पडणारच नव्हतं, मी वेडा आहे का? पण बसलो. नातू येऊन विचारतो, ‘आजोबा, कशाची वाट बघताय?’ मी नुसतं वर बोट दाखवलं.

आठवडाअखेर तुमच्याकडे ईशान्येचं वादळ आहे. मार्शफील्डला पाऊसच, चप्पल म्हणते आणि मीही म्हणतो. तुझ्याकडे होईल. माझी पट्टी खिळ्याला टांगून ठेवली असशील, ती काढ आणि तिनेच मोज. आकडा मंडळावर टाकू नकोस, आधी मला कळव. पत्राने कळव, म्हणजे वाट बघायला काहीतरी राहील.

तुझा,
गॅरेट


अ‍ॅशबी, १५ डिसेंबर

गॅरेट,

वादळ झालं. शुक्रवारी दुपारी सुरू झालं, शनिवारी जेवणाच्या वेळेला थांबलं. पाकळ्या मोठ्या, सावकाश पडणाऱ्या. तुला आवडतात तशा. तुझं यंत्र पहिल्याच खेपेला बंद पडलं. मी फावडं मारलं.

एक सांगायचं राहिलंय. मर्डॉकचा फोन कधीच आला नव्हता. केकचंही मीच रचलं. मला वाटलं होतं, मेळाव्यात तुला कळेल, पण तू त्याच्याशी बोललाच नाहीस. फक्त केक खाल्लास. तू गेल्यापासून सौनात तुझ्या बाकावर टॉवेल ठेवतो. पण पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा असंच करीन. नोरीनला सांग, बोटं जपा.

पाट दर सहा तासांनी पुसला. मोजलं तुझ्याच पट्टीने, तू सांगितलंस तसं. सोळा इंच.

सरळ धरली असती तर साडेपंधरा. वारा अजिबात नव्हता.

आर्वो